झोजीला 'उघडा आहे' म्हणजे नेमकं काय?

गेल्या आठवड्यात कोरेगावकडचा एक ओळखीचा मुलगा घरी आला. चौघं मित्र, एक नवी फोर बाय फोर आणि जानेवारीतला बेत: सातारा ते लेह, श्रीनगरमार्गे. हॉटेल बघून ठेवलेलं, गाडीला वरती दिवे लावून घेतलेले. मी म्हटलं, "अरे, झोजीला बंद असेल." त्यानं लगेच मोबाइल पुढे केला. २०२५ ची बातमी होती, झोजीला यंदा फक्त ३२ दिवस बंद राहिला. "काका, म्हणजे उरलेले ३३३ दिवस उघडाच की!"

हिशोब बरोबर होता, त्यामुळे त्या वेळी मला पटकन उत्तर सुचलं नाही. नंतर दोन दिवसांत आणखी तिघांनी इनबॉक्समध्ये जवळपास तेच विचारलं. म्हणून हे लिहितोय. मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

आधी तो रस्ता कसा आहे ते समजून घेऊ. श्रीनगर ते लेह साधारण ४२० किलोमीटर. वाटेत तीन मोठ्या खिंडी. झोजीला ३,५२८ मीटर, नमिकाला ३,७०० मीटर आणि फोतूला ४,१०८ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे झोजीला त्याच्या दुपटीहून उंच. पण गंमत बघा. तिघांत सगळ्यात बुटका झोजीला, आणि हिवाळ्यात रस्ता अडवतो तो झोजीलाच. उंच फोतूलावर त्या मानानं बर्फ कमी पडतो.

याचं कारण सातारकरांना समजावून सांगायची खरं तर गरज नाही. महाबळेश्वरला छपरावर झापं बांधावी लागतात आणि त्याच जिल्ह्यात म्हसवड-दहिवडीला लोक ढगाकडे बघत बसतात. सह्याद्रीची धार ढग अडवते आणि माण-खटाव कोरडे राहतात. झोजीला ही तशीच धार आहे. फक्त तिथं पाऊस हिवाळ्यात येतो, पश्चिमेकडून, आणि बर्फ होऊन येतो. सोनमर्ग-बालटालची बाजू म्हणजे त्यांचं महाबळेश्वर. धार ओलांडली की मिनामर्ग, मटायन, द्रासपर्यंत बर्फ भरपूर असतो. पुढे कारगिल आणि लेहकडे जाल तसं सगळं उघडं, तपकिरी, कोरडं. लेहला वर्षभराचं पाणी-बर्फ मिळून शंभर मिलिमीटरच्या आसपास. ते खरोखरच वाळवंट आहे, फक्त थंड.

म्हणून या एका रस्त्यावर दोन हिवाळे भेटतात. एक बर्फाचा, दुसरा नुसत्या थंडीचा. पहिला डोळ्याला दिसतो म्हणून माणूस त्याला भितो. दुसऱ्याकडे वळतो थोड्या वेळात.

आता इतिहास. हिवाळ्यात झोजीला ओलांडणं ही काही आजची गोष्ट नाही. १५३२-३३ च्या हिवाळ्यात मिर्झा हैदर दुघलात लडाखकडून याच खिंडीतून फौज घेऊन काश्मीरमध्ये उतरला. त्यानंतरही शेकडो वर्षं माणसं जात-येत राहिली. पण कशी? उन्हाळ्याची पायवाट डोंगराच्या कडेनं होती. हिवाळ्यात ती सोडून द्यायचे आणि खालच्या घळीतून चढायचे, कारण वरून कोसळलेल्या बर्फानं ती घळ भरून गेलेली असायची. तेही रात्री किंवा पहाटे, बर्फ गोठून टणक झालेला असताना. ऊन चढलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो आणि वरचा कोसळायला लागतो. ही वेळेची अक्कल शेकडो वर्षांची आहे, आणि आजही उपयोगी आहे.

डोगरा राजवटीत टपालही हिवाळ्यात माणसांच्या पाठीवरून जायचं. साहेब लोकांची ओझीसुद्धा. ती वाहणारे द्रास-मटायनकडचे गरीब लोक होते, आणि बऱ्याचदा ती बेगार असायची, आपल्याकडच्या वेठीसारखी. नकार द्यायची सोय नव्हती. प्रवासवर्णनं साहेबांच्या नावावर छापली गेली. ओझेवाल्यांची नावं शोधूनही सापडत नाहीत.

मग १९४८ साल. पाकिस्तानच्या बाजूनं गिलगिट स्काउट्स आणि टोळीवाले पुढे सरकत होते, लेहमध्ये आपलं सैन्य जवळजवळ नव्हतंच. त्या फेब्रुवारीत मेजर पृथीचंद नावाचे लाहौलचे एक अधिकारी डोगरा पलटणीतले काही स्वयंसेवक बरोबर घेऊन श्रीनगरहून निघाले आणि भर हिवाळ्यात झोजीला पायी ओलांडून मार्चमध्ये लेहला पोचले. बरोबर बंदुका होत्या, लेहच्या लोकांना शिकवून उभं करण्यासाठी. आणि सोनम नोर्बू नावाचे लडाखी इंजिनिअर होते. त्यांनी तिथं स्थानिक लोकांच्या हातांनी विमानाची धावपट्टी तयार केली. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहरसिंग यांनी त्या पट्टीवर डकोटा उतरवलं, शेजारी जनरल थिमय्या बसलेले. लेह वाचलं ते या दोन गोष्टींमुळे, हिवाळ्यातली ती पायपीट आणि ती कच्ची पट्टी.

मधल्या काळात द्रास, कारगिल आणि झोजीला शत्रूच्या हातात गेले. सप्टेंबरमध्ये झोजीलावर केलेले हल्ले फसले. हिवाळा तोंडावर आला होता. तेव्हा थिमय्यांनी ठरवलं की रणगाडे वर न्यायचे. साडेअकरा हजार फुटांवर! ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे वरचे बुरुज काढून, झाकून, जम्मूच्या बाजूनं गुपचूप बालटालपर्यंत आणले. आणि बालटालहून वर त्यांच्यासाठी वाट काढली मद्रास सॅपर्सनी, शत्रूच्या गोळ्यांच्या टप्प्यात. हल्ला बर्फामुळे पुढे ढकलावा लागला. शेवटी १ नोव्हेंबर १९४८ ला रणगाडे खिंडीत घुसले. शत्रूला ते खरंच वाटेना. नोव्हेंबरच्या मध्यावर द्रास घेतलं आणि महिना संपायच्या आत कारगिल. त्या मोहिमेत कितीतरी जवान गोळीनं नाही तर थंडीनं गारद झाले. हातापायाची बोटं गेली.

(याच युद्धात, दुसऱ्या एका रस्त्यावर, नौशेरा ते राजौरी, सुरुंग काढत रणगाड्यांना वाट करून देणारे रामा राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्सचे, कारवारकडचे. परमवीर चक्र. रस्ता करणाऱ्याला सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, हे आपण कमी वेळा आठवतो म्हणून मधेच लिहिलं.)

म्हणजे या घाटात पहिल्यांदा इंजिन चढलं ते रणगाड्याचं. मोटारीचा रस्ता त्याच्या मागून आला. ७ मे १९६० ला सीमा सडक संघटना, म्हणजे बीआरओ, स्थापन झाली. तिच्या पहिल्या दोन प्रकल्पांपैकी एक काश्मीरचा 'बीकन'. चीननं अक्साई चीनमधून रस्ता नेलाय हे कळल्यावर घाई झाली होती. १९६२ च्या सुमारास गाड्या लेहपर्यंत जाऊ लागल्या. लडाख पर्यटकांसाठी खुलं झालं १९७४ मध्ये. म्हणजे मधली बारा वर्षं हा रस्ता लष्कराचा आणि तिथल्या लोकांचाच होता.

इथं मला माझ्या मामांबद्दल लिहायला हवं. ते एएससीत ड्रायव्हर होते, सातारकडच्या अनेक घरांत असतात तसे. सत्तरच्या दशकात त्यांनी या रस्त्यावर कॉन्व्हॉय चालवला. तेव्हा झोजीला साधारण नोव्हेंबरात मिटायचा आणि एप्रिल-मे मध्ये उघडायचा. सहा महिने. उन्हाळाभर ट्रकच्या रांगाच्या रांगा पीठ, रॉकेल, दारूगोळा, कांदे वर नेत. लष्करात त्याला विंटर स्टॉकिंग म्हणतात. लेहच्या घरांतही तेच, बटाटे, गाजर, सलगम जमिनीत खड्डा करून पुरून ठेवायचे. जे आत राहिले ते आत, जे बाहेर ते बाहेर.

एका वर्षी मामा आत राहिले. जानेवारीत आजी गेली. तार पलटणीतून त्यांच्यापर्यंत दुसऱ्याच दिवशी पोचली, पण लेहहून विमान उडेना. हवा खराब. रोज सकाळी बोचकं घेऊन धावपट्टीवर जायचं, दुपारी परत यायचं. असे अकरा दिवस. घरी पोचले तेव्हा तेरावा होऊन गेला होता. याबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, "रस्ता बंद म्हंजे काय, ते मला इचार." बस्स.

पण गाडीबद्दल मात्र तासन्‌तास बोलायचे. हँडब्रेक ओढून झोपायचं नाही, रात्रीत ब्रेक गोठून चाक जाम होतं. गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड लावायचा. रेडिएटरचं पाणी संध्याकाळी सोडून द्यायचं, सकाळी गरम करून भरायचं. इंजिनाखाली स्टोव्ह पेटवून चेंबरमधलं ऑइल पातळ करायचं. हे वाचून कुणी घरी प्रयोग करू नका. तेव्हा दुसरा इलाज नव्हता.

डिझेलचं तर वेगळंच रामायण. साध्या डिझेलमध्ये थोडं मेण असतं. कडाक्याच्या थंडीत ते मेण थिजतं, डिझेल साजूक तुपासारखं होतं, फिल्टर तुंबतो आणि गाडी बंद. म्हणून ड्रायव्हर लोक त्यात रॉकेल मिसळायचे. लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आलं ते थेट नोव्हेंबर २०१९ मध्ये. इंडियन ऑइलचं, उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारं. म्हणजे रस्ता झाल्यावर जवळजवळ साठ वर्षांनी! मधली साठ वर्षं तिथल्या ट्रकवाल्यांनी जुगाडावर काढली. आता कोरेगावच्या टाकीत भरलेलं डिझेल घेऊन कुणी जानेवारीत द्रासला मुक्काम केला तर सकाळी काय होईल, हा हिशोब त्या मुलानं केलेला नव्हता. द्रासला रात्री उणे वीसच्या खाली जाणं नवलाचं नाही.

आणि आता तो दुसरा हिवाळा. झोजीला पार झाला, द्रास मागे पडलं, ऊन पडलंय, आकाश निळंशार, रस्ता काळा आणि कोरडा. माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि ॲक्सिलरेटर दाबतो. दुपारी कडेचा बर्फ वितळतो, पाण्याची पातळ धार रस्त्यावरून वाहते. चार वाजले, डोंगराची सावली आली, की त्याची काच होते. ड्रायव्हर त्याला ब्लॅक आइस म्हणतात. ती पांढरी दिसत नाही, ओल्या डांबरासारखी दिसते. ब्रेक मारला की गाडी आपली राहत नाही. नमिकाला, फोतूला आणि लामायुरूच्या वळणांवर, सावलीच्या बाजूला, हे असतं. तिथले ड्रायव्हर अशा वळणावर ब्रेकला पायच लावत नाहीत, आधीच खालच्या गिअरमध्ये घेतात. फोर बाय फोर गाडी चढायला मदत करते, थांबायला नाही. हे वाक्य मला त्या मुलाला तीनदा सांगावं लागलं.

कोरड्या बाजूला बर्फ कमी म्हणून हिमस्खलन नाही, असंही समजू नका. १८ जानेवारी २०१९ ला लेहच्या वरती खारदुंगला रस्त्यावर गाड्यांवर हिमकडा कोसळला आणि दहा जण गाडले गेले.

आता त्या ३२ दिवसांकडे येऊ. आकडे खरे आहेत आणि अभिमान वाटावा असेच आहेत. २०२१ मध्ये झोजीला ११० दिवस बंद होता, २०२२ मध्ये ७३, २०२३ मध्ये ६८, २०२४ मध्ये ३५ आणि २०२५ मध्ये ३२. सोनमर्गकडून 'बीकन'चे लोक आणि द्रासकडून 'विजयक'चे लोक बर्फ कापत येतात आणि मध्ये कुठंतरी भेटतात. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, कधी दोन-तीन मजली. यंत्रं आहेत, पण यंत्राच्या पुढे आणि मागे माणसं आहेत. अगदी अलीकडे बर्फही काही वर्षी कमी पडला, तेही लक्षात घ्या.

पण 'उघडा' या शब्दाचा अर्थ खंबाटकी उघडा आहे तसा नाही. हिवाळ्यात तिथं बहुतेक वेळा एका बाजूचीच वाहतूक सोडतात. आज सोनमर्गकडून, उद्या मिनामर्गकडून. ठरलेल्या तासांच्या आत चढलं नाही तर परत. चाकांना साखळ्या नसतील तर नाक्यावरच अडवतात. दुपारनंतर हवा फिरली तर सगळंच थांबतं, आणि जे अध्येमध्ये असतील त्यांना काढायला लष्कर, पोलीस आणि बीआरओचे लोक जातात. शैतानी नाला, कॅप्टन मोड ही त्या घाटातली नावं उगाच पडलेली नाहीत. बर्फात अडकलेल्या गाडीत काचा बंद करून हीटर चालू ठेवला आणि मागचं धुराडं बर्फानं बुजलं, तर धूर आत येतो आणि झोपेतच माणूस जातो.

मला खरी टोचणारी गोष्ट वेगळी आहे. त्या एका बाजूच्या, चार-सहा तासांच्या फटीतून कोण जात असतं? कारगिलचा एखादा पेशंट, श्रीनगरच्या हॉस्पिटलकडे. परीक्षेला निघालेली पोरं. भाजीचा आणि गॅसचा ट्रक. सुट्टीवर निघालेला जवान, माझ्या मामांसारखा. आमची साताऱ्याची एक गाडी आडवी झाली की ही सगळी रांग थांबते. हॉटेलवाल्यांना हिवाळ्यात पर्यटक हवेत हेही खरं, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि मी तिकडे जाऊच नका असं म्हणत नाही. लेहला विमानानं जा की! तिथं एक-दोन दिवस विश्रांती घ्या, तिथल्याच ड्रायव्हरची गाडी घ्या. पैसे तिथंच राहतील आणि तुम्हीही राहाल.

बोगद्यांचं काय, असंही विचारलंय. १३ जानेवारी २०२५ ला साडेसहा किलोमीटरच्या सोनमर्ग बोगद्याचं उद्घाटन झालं. त्यानं सोनमर्गपर्यंतचा रस्ता बाराही महिने मोकळा झाला. झोजीला त्याच्या पुढे आहे. झोजीलाचा बोगदा, तेरा किलोमीटरहून लांब, बालटाल ते मिनामर्ग, त्याचा पहिला सुरुंग ऑक्टोबर २०२० मध्ये गडकरींच्या हस्ते उडाला आणि काम अजून चालू आहे. अनेक जण या दोन बोगद्यांत घोटाळा करतात आणि 'आता बोगदा झालाय' म्हणून निघतात. झालेला बोगदा खालचा आहे.

आणि तो झाला तोही फुकट नाही. २० ऑक्टोबर २०२४ ला गगनगीरला त्या बोगद्याच्या कामगारांच्या छावणीवर अतिरेक्यांनी गोळीबार केला. सात जण गेले, सहा कामगार आणि एक डॉक्टर. लडाखच्या रस्त्यांवर डांबर टाकणारे, दगड फोडणारे हात गेली कित्येक वर्षं झारखंडच्या दुमका भागातून येतात. २०२० च्या टाळेबंदीत त्यांच्यातले साठ जण लेहहून विमानानं रांचीला आणले तेव्हा बाकीच्या देशाला ते तिथं असतात हे कळलं. पूर्वी ओझी द्रासच्या बेगाऱ्यांनी वाहिली, आता बर्फ दुमकावाले बाजूला करतात. मजुरी मिळते हा फरक आहे, आणि तो मोठा आहे. पण बातमीत अजूनही फक्त दिवसांचा आकडा येतो.

मामांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. दर वर्षी पेपरात 'झोजीला खुला' अशी दोन ओळींची बातमी आली की ते मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "आधी कोण पोचलं, सोनमर्गवालं का द्रासवालं?" पेपरात ते कधीच नसायचं.

कोरेगावच्या पोरांनी बेत पुढे ढकललाय. गाडीचा मालक अजून रुसलेला आहे, वरचे दिवे वाया गेले म्हणतो. बाकीचे विचारतायत मग कधी जायचं. जूनच्या मध्यावर जा. पण तेव्हाही आदल्या रात्री वाहतूक पोलिसांचं पत्रक बघा, सोनमर्गहून पहाटे निघा आणि ऊन तापायच्या आत झोजीला मागे टाका. आणि हँडब्रेक उन्हाळ्यात ओढला तरी चालतो.